ताटातला कोरियन ‘ग’

आई गेल्यापासून कीर्तीला कशाचं काहीच वाटत नव्हतं. रडूसुद्धा नाही. म्हणून तिनं कोरियन अक्षरं हाती घेतली. खरं तर मायलेकी मिळून शिकणार होत्या. आईला कोरियन मालिकांचं तमिळ डबिंग अजिबात पटायचं नाही. आता कीर्ती एकटीच मोबाइल उघडून बसायची. काटकोन काढला की ग, तोच उलटा केला की न. त्यांत आठवण्यासारखं कुणी नव्हतं. बरं होतं ते.

चेन्नैच्या नागलक्ष्मीआत्यानं फर्मान काढलं होतं, "पोरीला माझ्याकडे धाड. बाईमाणसाशिवाय कशी राहील?" अप्पा फक्त ‘हूं’ म्हणाले. संध्याकाळची गाडी होती. कीर्तीला जायचं नव्हतं, पण ‘नको’ म्हणायला तोंडच उघडत नव्हतं.

रविवार असल्यामुळे अप्पांचं पितळी दिव्यांचं दुकान बंद होतं. ते तिच्यामागे येऊन उभे राहिले.

"काय गे, कसली नक्षी ही?"

"नक्षी नाही, अप्पा. कोरियन मुळाक्षरं."

"वहीत? पहिली अक्षरं तांदळांत काढतात."

"वर्षभर घरात शुभ काही नको म्हणून आत्यानंच बजावलंय. दारात कोलमची रांगोळीही काढत नाही आपण."

अप्पा आत गेले आणि ताटात तांदूळ पसरून घेऊन आले. मांडी घालून बसले, तिचं बोट धरलं. हे आईचं काम. कीर्तीची तमिळ अक्षरं तिनंच अशी गिरवून घेतली होती.

"तुम्हाला कुठं येतं?"

"तुला तरी कुठं येतं? बघून बघून काढू."

‘ग’ वाकडा आला. ‘न’ त्याहून वाकडा.

"आणि हा गोल?"

"‘आ’ लिहायचा तर आधी गोल. त्याला आवाज नसतो."

"मग ठेवतात कशाला?"

"जागा रिकामी सोडत नाहीत ते."

अप्पांची पकड घट्ट झाली. रडलं कुणीच नाही.

तेवढ्यात आत्याचा फोन आला. अप्पांनी स्पीकर लावला.

"निघालात का रे?"

"ती येत नाही, अक्का. आज अक्षरारंभ झाला."

"वर्षाच्या आत? वेडबीड लागलं का? आणि गुरू कोण?"

"मीच."

"तुला काय येतं रे?"

"‘ग’ येतो," अप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

कीर्तीला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. अप्पांनी तळव्यानं तांदूळ सपाट केले.

"हं, पुढचं दाखव."

तिनं मोबाइल त्यांच्याकडे वळवला.