कंदीलवाली

रविवारी दुपारी लेकीचा फोन येणार होता आणि शिंप्याचा डेक अजून बांधून झाला नव्हता.

खरं तर हा खेळ त्याचा नव्हताच, बायकोचा होता. टॅबलेटवर कार्डं जमवायची, त्यातली तीस निवडून डेक बांधायचा आणि समोरच्याच्या डेकशी झुंजवायचा. लेक परगावी नर्स होती. मायलेकी दर रविवारी खेळायच्या आणि खेळता खेळता जगभरच्या गप्पा मारायच्या. शिंपी मशीन चालवत एका कानाने ऐकायचा. बायको गेली तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, आईच्या जागी तुम्ही बसता का?" तो बसला. डेक बायकोचा, खेळातलं नावही तिचंच, 'टाकेवाली'. नुसत्या फोनवर बाप-लेकीचं बोलणं "जेवलीस का"च्या पुढे सरकत नसे. खेळात मात्र तासभर कसा जायचा, कळायचं नाही.

आता खेळाचा नवा हंगाम आला होता. बायकोची निम्मी कार्डं करडी पडून त्यांवर कुलूप दिसत होतं. लेकीने आधीच बजावलं होतं, "नवीन डेक बांधा हं बाबा, जुना आता चालायचा नाही." डेक नाही तर खेळ नाही. खेळ नाही तर ती कशाला तासभर फोन धरून बसेल?

नवी कार्डं बनवायला भुकटी लागते आणि ती मिळते जुनी कार्डं मोडून. त्याने दोन-दोन असलेली कार्डं मोडली, मग बायकोने कधी न वापरलेली मोडली. तरी पुरेना. उरली कंदीलवाली. सोनेरी काठाचं कार्ड, वर कंदील धरलेली म्हातारी. बायको ते शेवटपर्यंत राखून ठेवायची आणि टाकताना म्हणायची, "आता बघ गंमत."

भारीतल्या भारी कापडाला कैची लावताना त्याचा हात कधी थरथरला नव्हता. आता बोट हवेतच अडकलं. कुलूप लागलेलं कार्ड ठेवून करायचंय काय, असं स्वतःला समजावत त्याने बोट टेकवलं. काचेवर जरासा चुरा उडाला आणि म्हातारी गेली.

त्या भुकटीतून त्याने नुसती दांडगी कार्डं बनवली. राक्षस, हत्ती, बुरूज. तेवढ्यात फोन वाजला.

डाव सुरू झाला आणि शिंपी हात चोळत बसला. मोठं कार्ड टाकायला बळ लागतं आणि ते दर फेरीला थोडंथोडंच वाढतं.

"बाबा, टाका की काहीतरी."

"बळ नाही."

"मग हलकं टाका एखादं."

"हलकं घेतलंच नाही."

"एकपण नाही?" लेक खो खो हसत सुटली. "अहो, कोट शिवायला बसलात आणि दोराच घेतला नाहीत!"

तोही हसला. हरलाही, सपाटून. मग ती म्हणाली, "जाऊ दे. चला, खुल्या मैदानात जाऊ. तिथे जुनं सगळं चालतं. आईचाच डेक लावा."

शिंप्याने डेक लावला नाही. "तू तर म्हणालीस, चालायचा नाही."

"नव्या हंगामाच्या मैदानात चालायचा नाही म्हटलं. बाबा? काय झालं?"

नेट गेलं असं सांगून फोन ठेवावा, असं क्षणभर वाटलं. पण तो म्हणाला, "कंदीलवाली मोडली मी."



"का?" तिने विचारलं.

"डेक नसता तर रविवारी तू..."

"म्हणजे मी खेळासाठी फोन करते?"

"आईशी बोलायचीस तू. माझ्याशी काय बोलणार?"

नाक ओढल्याचा आवाज आला. "वेडे आहात का हो बाबा? कार्ड परत बनवता येतं. फक्त मोडून मिळाली त्याच्या चौपट भुकटी लागते. ती रोज खेळून थोडी थोडी मिळते. आपण रोज खेळू."

"रोज? आणि तुझी ड्युटी?"

"ड्युटीवरून आल्यावर. पण हा डेक घेऊन नाही हं, मला हसून हसून मरायचं नाहीये. आणि यापुढे काही मोडायचं तर आधी मला विचारायचं."

"विचारीन."

त्याने कार्डांचा संग्रह उघडला. कंदीलवालीच्या जागी रिकामी चौकट होती आणि खाली लागणाऱ्या भुकटीचा मोठा आकडा.

"बाबा, आहात ना?"

"आहे. जेवलीस का?"

"जेवते नंतर. आधी तो हत्ती मोडा, हलकी कार्डं बनवू."

त्याचं बोट हत्तीवर थांबलं.

"विचारतोय हं," तो म्हणाला. "खरंच मोडू?"