ओट्यावरचं नाव

त्या मंगळवारी कॉलेजात दुपारनंतर मला तास नव्हते, म्हणून आम्ही ग्रॅनाईट बघायला गेलो. जुळे सोलापुरातल्या आमच्या नव्या घराचं प्लॅस्टर झालं होतं. निंगप्पा मिस्त्रीनं स्वयंपाकघरात ओट्याच्या भिंती उचलल्या होत्या आणि वर टाकायचा दगड आणून द्या म्हणून तो आठवडाभर मागे लागला होता. अप्पांना उन्हात नको म्हणून बाळीवेशीतल्या जुन्या खोल्यांमध्येच ठेवलं आणि आई आणि मी रिक्षानं अक्कलकोट रोडला नईमभाईंच्या गोडाऊनवर गेलो. आईला मी अव्वा म्हणायचे, वडिलांना अप्पा.

गोडाऊन म्हणजे पत्र्याची लांब शेड. आत फरश्या कपाटातल्या पुस्तकांसारख्या एकीला एक टेकवून उभ्या केलेल्या. मला काय हवं ते माझं ठरलेलं होतं. काळी, एकही ठिपका नसलेली फरशी. आमच्या विभागप्रमुख मॅडमच्या घरी तशी होती आणि त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलं की आवाज आपोआप खाली यायचा.

अव्वा मात्र शेडच्या दुसऱ्या टोकाला एका लाल फरशीपुढे जाऊन उभी राहिली. नईमभाईंनी तिच्यावर मगभर पाणी फेकलं. ओल्या दगडावर लालात गुलाबी, त्यात काळे बारीक कण असं काय काय वर आलं.

"ही कुठली रे?"

"इलकलकडची, मावशी."

"माझं लग्नातलं लुगडं पण तिकडचंच की!"

मी जवळ गेले. "अव्वा, काळी बघ ना. कशावरही जाते."

"काळ्यावर मुंगी दिसत न्हाई. झुरळ दिसत न्हाई. ज्वारीचं पीठ तेवढं दिसतंय. दिवसभर पुसत बसू व्हय?"

"लाल म्हणजे हॉटेलसारखं वाटतं गं."

"मग वाटू दे की. हॉटेलातलं तुला गोड लागतंय, दगड तेवढा चालत न्हाई?"

नईमभाई हसले. "मावशींना बोलण्यात कोण हरवणार, मॅडम!"

अव्वा तिथंच उकिडवी बसली आणि भाकरी थापल्यासारखा पंजा फरशीवर दोनतीनदा आपटून बघितला. शेजारच्या रांगेत एक बाई नकाशा घेऊन आल्या होत्या, बरोबर त्यांचा आर्किटेक्ट. अव्वानं बसल्या बसल्याच त्यांना हाक मारली, "ओ बाई, तुमी कंची घेतली? हितं या, ही बघा, लई झकास हाय!" बोलता बोलता नेहमीसारखी ती कानडीत घुसली आणि परत मराठीत आली. त्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमच्याबरोबर आहेत का?" त्यांनी मला विचारलं. त्यांचा स्वर वाईट नव्हता. मी "हो" म्हणाले, आणि दोन फरश्या पलीकडे जाऊन दुसऱ्याच एका दगडाची जाडी बघत उभी राहिले.

त्या गोडाऊनची एक रीत आहे. फरशी पसंत पडली की गिऱ्हाईकानं स्वतः पिवळ्या मेणाच्या खडूनं तिच्यावर नाव घालायचं. "नाव घाला, मावशी," नईमभाई म्हणाले, "नाहीतर उद्या दुसऱ्याच्याच टेम्पोत जाईल." अव्वानं खडू घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "ह्यांचं घालू?"

"तुमचंच घाला की. ओटा कुणाचा?" नईमभाईच मध्ये म्हणाले.

अव्वानं रु काढला, थांबली, द्रा काढला. सगळं नाव व्हायला बराच वेळ लागला. रुद्राणी. मग मागे सरकून तिनं ते जरा लांबून वाचलं.

संध्याकाळी तिनं शेजारच्या मायाक्काला दारात उभं राहून लाल रंगाचं सगळं वर्णन ऐकवलं. अप्पांना दोनदा सांगितलं. मी दळण आणायला म्हणून बाहेर पडले आणि गिरणीच्या कोपऱ्यावरून नईमभाईंना फोन केला. "ती लाल राहू द्या. काळीच पाठवा. अव्वाला मी सांगते."

"बघा हं मॅडम. मावशी लई खूश होत्या."

"मी सांगते म्हटलं ना."

उद्या सकाळी चहाच्या वेळी सांगायचं, असं मी ठरवलं होतं. कसं सांगायचं तेही ठरवलं होतं. खिडकी उत्तरेला आहे, लाल दगडानं खोली आणखी अंधारी दिसेल. ती कुरकुर करेल आणि मग नेहमीसारखं "साकु, तुला काय करायचं ते कर" म्हणेल.

सकाळी अव्वानं दूध तापायला ठेवलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. मी आत आले तेव्हा दूध उतू जात होतं. आधी मी गॅस बंद केला, मग तिला हाक मारली. हा क्रम मी अजून विसरलेले नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. दुपारी आमच्या रीतीप्रमाणे तिला बसवून मातीत ठेवलं. अप्पांनी तिच्या हातात इष्टलिंग दिलं आणि बोटं मिटता मिटेनात म्हणून आपल्या दोन्ही हातांनी धरून ठेवली.

काम दोन महिने बंद राहिलं. पुढे निंगप्पा येऊन दारात बसायला लागला, तेव्हा मी एका दुपारी उरलेलं सगळं ठरवून टाकलं. भिंतीच्या टाईल्स, कपाटांच्या दारांचा रंग, मुठी, नळ. दुकानदारानं जे पहिल्यांदा दाखवलं ते घेतलं. दारांचा रंग मला आजही न बघता सांगता येणार नाही.

फरशी एका शनिवारी आली. चार माणसांनी टेम्पोतून उतरवली आणि स्वयंपाकघरात भिंतीला उभी केली. अप्पा काठी टेकत पुढे गेले. काळ्याभोर दगडाच्या कोपऱ्यात पिवळ्या खडूनं मोठं नाव होतं. रुद्राणी.

अप्पा किती वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "लाल म्हणत हुती न्हाई का ती?"

आता बोलायचं होतं. मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्यांनीच उत्तर शोधलं. "मन बदललं असंल. आनि नाव बघ. सोताचं घातलंय." त्यांनी बोटाची सावली अक्षरावर धरली, बोट लावलं नाही. "तिच्या हातचं हाय हे."

मी गच्चीवर जाऊन नईमभाईंना फोन केला. "ते नाव? मीच घातलं, मॅडम," ते म्हणाले. "वहीत मावशींचंच नाव होतं ना. लाल तर तेव्हाच दुसऱ्यानं नेली." मग म्हणाले, "मावशींचं ऐकलं. वाईट वाटलं. काही चुकलं का आमचं?"

"नाही," मी म्हणाले. "तुमचं नाही."

अप्पांना फरक कळला नाही याचं मला आधी नवल वाटलं. मग वाटलं, त्यांनी तिचं अक्षर शेवटचं पाहिलं कधी? त्यांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. रोज शेकडो माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहायचे. पण घरात लिहायचं काही असलं की ते लिहीत, पुढे मी लिहू लागले. अव्वा चौथीपर्यंत शिकलेली. चाळीस-बेचाळीस वर्षांत तिनं त्यांच्यासमोर काही लिहिलंच नव्हतं.

निंगप्पानं पट्टी लावून खुणा केल्या. नाव नेमकं सिंकच्या भोकात जात होतं. "कापायचं म्हणा की," तो म्हणाला. "मेणाचंच हाय, तसंबी पुसून जानार."

"कापायचं न्हाई," अप्पा म्हणाले.

"मग सिंक?"

"सिंक तिकडं घे."

"पाइप हिकडं घातलाय, मालक. खालची जमीन फोडावी लागंल."

"फोड की मग. कोन नको म्हनतंय?"

निंगप्पानं माझ्याकडे पाहिलं. हट्टी माणसापुढे त्याला दुसरं माणूस हवं होतं, आणि मी खिडकीबाहेर बघत होते. त्यानं जमीन फोडली, पाइप फिरवला, दगड बसवला. ओटा नेहमीच्या ओट्यांपेक्षा दोन बोटं बुटका झाला होता, कारण भिंती त्यानं अव्वाला उभी करून तिच्या कोपराच्या मापानं घेतल्या होत्या. नाव आता शेगडीच्या डाव्या हाताला, उजेडात आलं. अप्पा रोज रिक्षा करून तिथं यायचे आणि पाण्याचा थेंब पडू नये म्हणून त्यावर वर्तमानपत्र अंथरून जायचे.

मी गप्प राहिले. स्वतःला समजावायला माझ्याकडे पुष्कळ होतं. वर्गात मी मुलांना शिकवते की खरं आणि दयेचं यांतलं एकच हाती लागतं अशी वेळ माणसावर येते. मी वाचलेल्या किती तरी गोष्टींत कुणी तरी एका दुःखी माणसाला एक खोटं बाळगू देतं आणि वाचणाऱ्याला ते आवडतं. मलाही आवडायचं. एका सत्तरीतल्या माणसाला सकाळी उठून जायला एक जागा मिळाली होती. ती काढून घेऊन अव्वाला काय मिळणार होतं? पण त्या गोष्टींत खोटं बोलणाऱ्याचा स्वतःचा काही फायदा नसतो. माझा होता.

मग एका रात्री जेवताना अप्पा म्हणाले, "साकु, ह्या घरातलं एक भांडं उचल. कुनाचं नाव हाय?"

मी समोरचं ताट बघितलं. कडेला ठिपक्यांनी कोरलं होतं, सिद्रामप्पा. तांब्यावर तेच, परातीवर तेच. लग्नापासून अव्वानं घेतलेलं एकूण एक भांडं दुकानातून त्यांचं नाव घालूनच घरी आलेलं.

"वापरलं तिनं, नाव माझं. आता ते खडूचं किती दिवस टिकनार? उद्या चांदसाबला बोलावलंय. अक्षरावरनंच कोरून देतो म्हनला."

चांदसाब म्हातारे कारागीर. घरांच्या पाट्या, देवळाच्या पायऱ्यांवरची देणगीदारांची नावं, कबरींचे दगड, हे सगळं त्यांच्या हातचं. दुसऱ्या दिवशी दहाला ते पिशवी घेऊन नव्या घरी आले. वर्तमानपत्र उचललं, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

"ह्येच गिरवू, का चांगलं छापील काढून देऊ? अक्षर जरा तिरपं हाय."

"ह्येच," अप्पा म्हणाले. "जसं हाय तसं. एक रेघ हिकडची तिकडं नको."

"बेगमसाबचं?"

"तिच्याच हातचं."

"मग हात सांभाळून मारतो." चांदसाबांनी पातळ छिन्नी काढली आणि रुच्या उभ्या रेघेवर टेकवली. अप्पा ओट्याला धरून वाकले. इतक्या जवळून ते बघत होते की चांदसाबांना त्यांना कोपरानं जरा मागे करावं लागलं.

खडूवरचा पहिला घाव पडला की मला पुन्हा कधीच बोलता येणार नव्हतं. अप्पा जिवंत असेपर्यंत रोज त्या नावाला हात लावणार होते, आणि अव्वाचं खरं अक्षर कुठल्या तरी परक्या घराच्या ओट्यावरून केव्हाच धुऊन गेलेलं होतं.

"थांबा, चाचा," मी म्हणाले.

चांदसाबांनी हातोडी खाली घेतली.

"अप्पा, हे अव्वाचं अक्षर नाही. नईमभाईंनी घातलंय. अव्वानं लालच निवडली होती, तिच्यावरच नाव घातलं होतं. मी त्याच संध्याकाळी फोन करून बदलली. तिला सांगितलं नाही. सकाळी सांगणार होते."

चांदसाबांनी छिन्नी पिशवीत ठेवली. "मी जरा बाहेर बसतो, भाई," म्हणाले आणि गेले.

अप्पा सरळ उभे राहिले. नावाकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. काठी त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बाहेर चांदसाबांच्या बिडीचा वास आला. शेवटी म्हणाले, "वाईट हुती का ती लाल?"

"नाही. चांगली होती. पाणी टाकल्यावर फार सुंदर दिसत होती."

"मग?"

उत्तरेची खिडकी तयार होती. दारांचा रंग होता, विभागप्रमुख मॅडमचं स्वयंपाकघर होतं. अप्पा वाट बघत होते, रागावलेले नव्हते, खरंच विचारत होते.

"मला अव्वाची लाज वाटायची, अप्पा," मी म्हणाले. "तिच्या बोलण्याची, कुठंही खाली बसण्याची. शाळेत असल्यापासून. तिनं निवडलेलं माझ्या घरात दिसेल, लोक विचारतील, म्हणून मी ते बदललं. त्या दिवशी गोडाऊनमध्ये एका बाईंनी विचारलं, ह्या तुमच्याबरोबर आहेत का. ही माझी आई आहे, असं मी म्हणाले नाही. अव्वा तिथंच बसलेली होती, तिनं ऐकलं. माझी आई होती ती, अप्पा. मी नुसतं हो म्हणाले."