बिस्किटाच्या चर्चची मागची भिंत

अगं रंजिता, चहा राहू दे, आधी बस इथे. ईशानी, तूपण टीव्ही बंद कर. मला हे आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगायचंय. परवा आमच्या हॉटेलच्या लॉबीत चर्च पडलं!

हसू नका गं. खरं नाही, बिस्किटाचं. दर डिसेंबरला लॉबीत जिंजरब्रेडचं घर करतात ना, आलं घातलेल्या जाड बिस्किटाचं, तेच. पण यंदा आमचे जनरल मॅनेजर हॅरिससाहेब म्हणाले, घर नको, माझ्या गावचं चर्च करा. त्यांची आई येणार होती इंग्लंडहून, तिचं लग्न त्याच चर्चमध्ये झालेलं. साहेब फोटो घेऊन पेस्ट्री किचनमध्ये आले आणि दुभाषी म्हणून मला नेलं, कारण काम होतं सोमनाथदादांकडे आणि दादांचं इंग्लिश म्हणजे 'येस सर, नो प्रॉब्लेम सर'.

सोमनाथदादा गुहागरकडचे. इथे अल क्वोजला हॉटेलच्या स्टाफच्या खोल्या आहेत ना, तिथे राहतात, कित्येक वर्षं एकटेच. बायको, गिरिजावहिनी, आणि मुलगी गावाला. त्यांना इकडे आणायला फॅमिली व्हिसा हवा तर सुपरवायझरचं डेझिग्नेशन लागतं. आणि त्यांच्या किचनच्या शेफने त्यांना सांगितलेलं, चर्च जमलं तर उद्घाटनाला सगळ्यांसमोर तुला पुढे बोलावतो, तुझं प्रमोशन साहेबांच्या तोंडूनच अनाउन्स करवतो. दादांनी वहिनींना पासपोर्टसुद्धा काढायला लावला लगेच! म्हणजे बघा.

तर हॅरिससाहेब सांगत होते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं चर्च, गावातल्या कापडगिरणीच्या मालकाने बांधलेलं. मधेच पैसे संपले, टॉवर तसाच राहिला, तो म्हणे त्याच्या मुलाने पुढे दुसऱ्या खाणीच्या दगडाचा बांधला, म्हणून टॉवर काळपट आणि बाकी चर्च मधाच्या रंगाचं. लगेच दादा म्हणाले, "मग टॉवरची बिस्किटं जरा जास्त भाजू." साहेब एकदम खूश! खिडक्या उंच, वर टोकदार कमानीच्या, त्यात रंगीत काचा. दादांनी लिमलेटच्या गोळ्या वितळवून ओतल्या, आतून दिवा लावला की अशा चमकायच्या ना! छप्पर उभट, बर्फ घसरून पडावा म्हणून. त्यावर दगडी कौलांच्या जागी बदामाचे काप, एकेक चिकटवलेला. वर क्रॉस मात्र नको, असं मॅनेजमेंटचं म्हणणं, मग वाऱ्यावर फिरणारा कोंबडा बसवला.

आणि साहेबांनी आणखी एक सांगितलं होतं. ते मीच मराठीत सांगितलं गं दादांना. ते छप्पर इतकं जड असतं की भिंतींना बाहेर ढकलतं. म्हणून दोन्ही बाजूंना बाहेरून दगडी टेकू असतात, बट्रेस म्हणतात. आणि आत प्लायवूड घालायचं नाही, म्हणाले, मुलांना शेवटी सगळं खाता आलं पाहिजे. दादा म्हणाले, "येस सर."

आता ऐका. दादा गावाला गणपतीची मखरं करायचे. थर्माकोलची, काय सांगू, राजवाडे नुसते! पण मखराला पाठ असते का? पाठीमागे भिंतच असते, तिकडे कोण बघतंय! दादांनी चर्चसुद्धा तसंच केलं. लोकांच्या बाजूला सगळे टेकू, नक्षी, दरवाजा, सगळं. मागची बाजू कुंड्यांतल्या ताडांकडे होती, तर तिकडे नुसती सपाट भिंत, तीपण पातळ बिस्किटांची. टेकू एक नाही. त्यांना वाटलं टेकू म्हणजे शोभा.

उद्घाटनाच्या संध्याकाळी लॉबी गच्च भरलेली. शाळेची मुलं चर्चच्या अगदी पुढ्यात गाणी म्हणायला उभी, साहेबांची आई निळा कोट घालून खुर्चीत. शेफने मला खूण केली, आतले दिवे लाव. मी मागे ताडांमध्ये शिरले तर काय, सोमनाथदादा खाली बसलेत, पाय समोरच्या कुंडीला रोवून, आणि पाठ चर्चच्या भिंतीला टेकवून!

"दादा, हे काय?"

"ताई, भिंत फुगली हो. इथून हलता येत नाय."

मी बघितलं तर खरंच, पोटासारखी बाहेर आलेली, आणि आयसिंगचे सांधे सुटत चाललेले. घामाने त्यांचा पांढरा कोट बिस्किटाला चिकटलेला. मी म्हटलं शेफना सांगते, तर म्हणाले, "नको नको, एवढं गाणं होऊ दे, फोटो होऊ दे." मी दिवे लावले. पुढून 'आऽऽ' आलं सगळ्यांचं. मला रडूच यायला लागलं.

आणि गाणं संपलं, तसा माइकवर शेफ. "और जिसने ये बनाया है, अवर सोमनाथ!" टाळ्या. दादा हलले नाहीत. परत, "सोमनाथ किधर है? यल्ला, सोमनाथ, जल्दी आ!" लोक हसायला लागले. रंजिता, त्या माणसाचं तोंड बघवत नव्हतं गं. ते नाव पुकारलं जावं म्हणून इतकी वर्षं काढलेली, आणि आता उठलं तर चर्च पडणार, नाही उठलं तर शेफ दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेणार.

मी म्हटलं, "दादा, मी धरते, तुम्ही जा." आणि लावली की पाठ मी! पण माझ्याने कसलं होतंय? लगेच डोक्यावर बदाम पडायला लागले. दादांनी मला हाताला धरून बाजूला ओढलं.

"तुमच्या अंगावर येईल. ताई, पोरं पुढ्यात हायत ना? त्यांना मागं घ्या आधी."

मी धावत पुढे गेले आणि "फोटो, फोटो, सगळे इकडे कारंज्याजवळ!" करत मुलांना हाकललं. वळून बघते तर दादा चालत येतायत, पाठीवर आयसिंग, केसांत बदाम. टाळ्या सुरू झाल्या. हॅरिससाहेबांनी हात पुढे केला. दादांनी तो हातात घेतला आणि, विचार करा, तेव्हासुद्धा गप्प बसता आलं असतं ना? पडलं असतं तर पडलं असतं, एसीवर ढकललं असतं, कुणाला कळणार होतं! तर म्हणाले, "सर, बॅकसाइड सपोर्ट नो. आय नॉट मेक. माय मिस्टेक. नाऊ फॉल."

साहेबांना काही कळायच्या आत मागून कडकड आवाज आला. आधी मागची भिंत गेली, मग छप्पर खचलं, मग सगळंच खाली, खिडक्या, कोंबडा, सगळं. टॉवर तेवढा उभा. मुलांना वाटलं हे कार्यक्रमातच आहे, ती टाळ्या वाजवत तुकडे उचलायला धावली. साहेबांची आई उठून उभी राहिली आणि त्या टॉवरकडे बघत राहिली. साहेबांनी दादांचा हात कधी सोडला ते मला दिसलं नाही. एवढंच ऐकलं, "मी तुला सांगितलं होतं, सोमनाथ." चिडून नाही गं. म्हणून जास्तच वाईट वाटलं.

शेफ मात्र किचनमध्ये जे भडकले! "बोलना जरूरी था? मैं संभाल लेता ना! अभी क्या मुँह लेके जाऊँ उनके पास?" डेझिग्नेशन खलास. पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला. पुढच्या वर्षी म्हणजे काय ते आपल्याला माहितीये.

काल मी स्टाफ कॅन्टीनमध्ये दादांच्या समोर जाऊन बसले. म्हटलं, घरी सांगितलं का? त्यांनी मान हलवली, नाही. वहिनी शेजारणीकडून इंग्लिश शिकतायत म्हणे, मुलीचा शाळेचा दाखला काढून ठेवलाय. "तिला मेसेज टाकलाय, साहेब सुट्टीवर गेलाय, म्हणून कागद अडलेत," म्हणाले, आणि जेवायला लागले. शुक्रवारी फोन करतात ते घरी.

आज गुरुवार ना गं?