कोरडे तांदूळ

उमापूरच्या पाटलिणीचे चांदीचे तोडे गेले, आणि त्या दिवशी शेवया करायला आलेल्या बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. मोहनराव पाटलांनी चोर धरायची जुनी रीत काढली. प्रत्येकीनं मूठभर कोरडे तांदूळ चावून पानावर थुंकायचे. चोराच्या तोंडाला भीतीनं कोरड पडते, म्हणून जिचे तांदूळ कोरडे निघतील तिला गेवराईच्या पोलीस अमीनाच्या हवाली करायचं. अमीनाच्या कोठडीत जाऊन आलेल्या बाईला पुढं कुणी घरात घेत नसे.

शेवया करायला वच्छलाबाईही गेली होती. तिनं तोड्यांना हातही लावला नव्हता. पण दोन वर्षांपूर्वी मोठा ताप येऊन गेला आणि तिच्या तोंडातली लाळच आटली. पाण्याच्या घोटाशिवाय भाकरीचा घास उतरत नसे. पुढं दात काळे पडून झिजत गेले, तेव्हा सासू छबुबाईनं निकाल लावून टाकला: सून चोरून गूळ खाते. गाडग्यातला गूळ कमी होतोय, सुनेचे दात किडतायत, आणखी पुरावा कशाला पाहिजे!

पाटलांच्या अंगणात बायका ओळीनं बसल्या. वच्छलाबाईनं जिभेखाली चिंचेचा तुकडा धरला होता. चिंच आंबट जहर, तरी तोंडाला थेंबभर पाणी सुटेना. एकेकीच्या पानावर तांदळाचा ओला लगदा पडत गेला. तिची पाळी आली. तिनं जीव खाऊन चावलं आणि थुंकली. पानावर कोरडी कणी सांडली आणि वर ती चिंच, घरातून आणली तशीच.

"झालं!" पाटील उठले. "अमीनाकडं माणूस धाडा."

"मालक, माजं तोंड कायमच कोरडं असतंय हो."

"सगळे चोर असंच म्हणतेत."

वच्छलाबाईनं कडेला बसलेल्या सासूकडं पाहिलं. छबुबाईची नजर चिंचेवर खिळली होती. चिंच नुसती पाहूनच म्हातारीचं तोंड लाळेनं भरलं, ती तिला गिळावी लागली. मग तिनं पुन्हा सुनेच्या पानाकडं पाहिलं. पाटलांचा गडी वच्छलाबाईच्या दंडाला धरणार, तोच म्हातारी उठली.

"हात लावू नको बे तिला! पाटील, आधी माजे दात बघा." छबुबाईनं भर अंगणात तोंड उघडलं. साठीच्या म्हातारीचा एकही दात हलला नव्हता. "घरातला गूळ मी खाते. रोज खाते. आळ हिच्यावर घेतला. माज्या तोंडात लाळ हाय, ती समदं धुऊन नेती. हिच्या तोंडात धुवायला थेंब न्हाई, म्हणून दात गेले. दात किडायला सालं लागतेत, पाटील, म्हंजी हिची कोरड जुनी हाय. तोडे तर परवा गेले!"

पाटलांनी वच्छलाबाईला तोंडावरचा पदर बाजूला करायला सांगितलं. ती लाजेनं अर्धमेली झाली, पण तिनं तोंड उघडलं. काळे खुंट पाहून पाटील खाली बसले.

"घरी न्या हिला," ते म्हणाले.

तोडे पुढं पाटलांच्याच पिठाच्या रांजणात सापडले. त्याची दवंडी कुणी दिली नाही.

पाटलांच्या अंगणातून त्या दिवशी घरी आल्यावर छबुबाईनं गाडगं खाली काढलं. नुसता खडा सुनेच्या तोंडात विरघळणार नाही, हे आता तिला कळत होतं. तिनं गूळ पाण्यात कुस्करला आणि वाटी सुनेपुढं धरली.

"पी," ती म्हणाली. "अन् मागून चूळ भर, बाई."

वच्छलाबाईनं दोन वर्षांनी गूळ चाखला.