चार बोटांचे अंतर

“आजोबा, पिल्लू टाका ना लवकर!”

नोएमीचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मित्रांनो, मी एक जुनी लाकडी गोटी आहे, लिंबाएवढी. पण दोर्दोन्य नदीकाठी मला सगळे पिल्लूच म्हणतात. ओनोरे आजोबांनी परसातल्या अक्रोडाची फांदी कातून मला घडवले, लाल रंग दिला.

दर ऑगस्टात त्यांचे कुटुंब नदीकाठी तंबू ठोकायचे. सकाळी होड्या, दुपारी खरबूज, आणि ऊन उतरले की खेळ. आधी मला फेकायचे, मग लोखंडी गोळे. ज्याचा गोळा माझ्या जवळ, त्याला गुण. तेरा गुणांना डाव. वाद झाला की आजोबा दोरीने मोजत, आणि त्यांचा शब्द शेवटचा.

शून्यावर हरणाऱ्याची मात्र धडगत नसे. एका फळीवर पाठमोऱ्या बाईचे उघडे ढुंगण रंगवलेले होते. गुडघे टेकून त्याचा मुका घ्यायचा. हसायला सगळा तळ जमायचा.

नोएमी अकरा वर्षांची होती. त्या संध्याकाळी आजोबांविरुद्ध तिचे बारा गुण झाले होते, आजोबांचा एकही नाही. तिचा शेवटचा गोळा माझ्यापासून दोन बोटांवर थांबला; आजोबांचा पाच बोटांवर होता.

“बाबा, मिशा विंचरून घ्या,” तिचे वडील बेनुआ म्हणाले. “बाईसाहेब वाट बघतायत.”

आजोबा दोरी घेऊन वाकले. लोक त्यांच्या पाठीमागे होते. चपलेच्या टोकाने त्यांनी मला हळूच आपल्या गोळ्याकडे ढकलले. मी चार बोटे सरकले.

“माझा गुण,” ते म्हणाले.

समोरून नोएमी म्हणाली, “तुम्ही पिल्लू सरकवलंत. मी पाहिलं.”

“एका गुणासाठी आजोबांना लबाड म्हणतेस?” बेनुआ कडाडले. “माफी माग. सगळ्यांसमोर.”

तिने मागितली. आजोबा खाली बघत दोरी गुंडाळत राहिले.

मित्रांनो, मला तोंड नाही, पण लाज आहे. ज्यांच्या हातांनी मला गोल केले, त्यांच्याच पायाने मला खोटे पाडले. त्यानंतर सात उन्हाळे नोएमी खेळाकडे पाठ करून, नदीकडे बघत बसली. भावंडे तिला ‘खोटारडी’ म्हणून चिडवत. मी आजोबांच्या खिशात असे. त्यांचा अंगठा मला चोळत राही, चोळत राही. माझा लाल रंग त्यातच गेला.

मित्रांनो, खेळ संपल्यावर मला पुसून ठेवा, ओलीत टाकू नका. आणि मोजायला वाकाल तेव्हा पाय लांब ठेवा. माझे एवढेच मागणे आहे.

या ऑगस्टात आजोबा काठी टेकत काठावर आले. बगलेत ती फळी होती. नोएमीसमोर त्यांनी ती झाडाला टेकवली आणि खाली गुडघे टेकले.

“आजोबा, हे काय? उठा, गुडघे दुखतील.”

“दुखू देत. बेनुआ, इकडे ये. सगळ्यांना बोलाव.” त्यांनी मला तिच्या तळहातावर ठेवले. “पोरी, पिल्लू मीच सरकवलं होतं. तू खरं बोलत होतीस.”