धुरातली हिरवी बरणी

वेसाव्याच्या कोळीवाड्याला लागून, बोंबील सुकवायच्या मैदानाच्या कडेला धाकूची पत्र्याची शेड होती. होडी विकल्यापासून ती रिकामीच पडली होती. त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर त्याने ती शुभा नावाच्या एका शिकलेल्या पोरीला भाड्याने दिली आणि आपल्या वहिनीला, सरूबाईला, साधं विचारलंही नाही. तिथून सरूबाईचं डोकं फिरलं ते फिरलंच.

शुभा टाइल्सच्या कारखान्यातली नोकरी सोडून आली होती. स्वतःच्या हाताने चिनीमातीची भांडी करायची आणि स्वतःच्या नावाने विकायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं. शेडमध्ये पायाने फिरवायचं चाक, मागच्या बाजूला विटांची भट्टी, आणि दिवसभर कोपरापर्यंत चिखलाने माखलेली ती एकटी.

“चांगली नोकरी टाकून मडकी करते,” मासळी निवडता निवडता सरूबाई बायकांना सांगायची. “घरच्यांनी हाकलली असंल.”

भट्टी डिझेलवर चालायची. पहिल्यांदा पेटली त्या दुपारी काळा धूर जमिनीलगत सरकत मैदानात आला आणि बांबूंवर ओळीने टांगलेल्या सरूबाईच्या बोंबलांवर काजळी धरली. सरूबाई हातातला कोयता तसाच घेऊन शेडमागे गेली.

“ए पोरी, बंद कर ते.”

“मावशी, आता बंद केली तर आतला सगळा माल कच्चा राहील.”

“आणि माझा माल?”

शुभाने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. “थोडा वेळ धूर कोंडावाच लागतो. त्याशिवाय मला हवा तो रंग येत नाही. पुढच्या वेळी असं करीन, धूर पहाटेच उरकीन. तेव्हा वारा समुद्राकडे असतो. शब्द देते.”

“तुज्या शब्दाला मी वळखत नाय,” सरूबाई म्हणाली. पण गेली.

शुभाने शब्द दोनदा पाळला. माघात मात्र तिची पंचाईत झाली. अंधेरी स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये तिच्या भांड्यांचं प्रदर्शन ठरलं होतं, दिवस थोडे राहिले होते, आणि त्या खेपेला भट्टी तापता तापेना. धूर कोंडायची वेळ आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि वारा फिरला होता. शुभाने मैदानाकडे एकदा पाहिलं आणि धुराड्याचं झाकण सरकवून धूर कोंडला. फटींतून निघालेला धूर थेट बोंबलांवर गेला.

दोन दिवसांनी कुर्ल्याचा व्यापारी आला. त्याने एक बोंबील उचलून नाकाशी धरला आणि परत टोपलीत टाकला. “डिझेल पाजलंस काय गं यांना?” असं म्हणून तो टेम्पो घेऊन रिकामाच गेला.

सरूबाईने घरातून पहार काढली, शेजारच्या तिघी बायकांना हाक मारली आणि ती निघाली. धाकू आडवा आला. “वहिनी, मी भाडं घेतलंय तिच्याकडून.”

“मग ते बोंबील तू खा,” सरूबाई म्हणाली आणि त्याला बाजूला सारून पुढे गेली.

शुभा तेव्हा भट्टीच्या तोंडाच्या विटा उतरवत होती. आत अजून धग होती. हाताला गोणपाट गुंडाळून ती एकेक भांडं बाहेर काढत होती, आणि थंड हवा लागली की त्यांच्यातून बारीक टिणटिण आवाज येत होता. पहार बघून ती उठून भट्टीसमोर उभी राहिली.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “पण प्रदर्शन होईपर्यंत थांबा. मग मी स्वतः जाईन इथून.”

सरूबाईचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. शुभाच्या पायाशी गुडघ्याएवढी एक बरणी होती. हिरवी म्हणावी तर निळसर, आणि गळ्याशी जिथे रंग जाड झाला होता तिथे आत खोल गेल्यासारखी. खाडीचं गढूळ पाणी सुटून दर्या लागतो तिथलं पाणी असं असतं. सरूबाईने ते लग्नाआधी बापाच्या होडीतून पाहिलं होतं. त्यानंतर तिला होडीत कुणी नेलं नव्हतं. ती खाली बसली. बरणीच्या पोटावरून तिने तळवा फिरवला. चाकावर फिरताना शुभाच्या बोटांनी उमटलेल्या रेषा हाताला लागत होत्या.

“ही तू केली?”

“हो.”

“हा रंग धुरानं आला?”

शुभाने मान डोलावली.

“भांडं चांगलं हाय,” सरूबाई म्हणाली. “लई चांगलं हाय.”

शुभाचा चेहरा जरा उजळला. “मग ही तुम्हीच न्या. भट्टी तेवढी ठेवा.”

सरूबाईला ते झोंबलं. ही आपल्याला बरणीवर गप्प करते, असं तिला वाटलं. तिने गोणपाट मागून घेतलं आणि भट्टीत उरलेली भांडी स्वतः बाहेर काढली. एकाचाही टवका उडू दिला नाही. सगळी शेडच्या सावलीत नीट मांडली आणि मग बायकांना म्हणाली, “आता पाडा.”

भट्टी पडायला फार वेळ लागला नाही. शुभा रडली नाही, आडवीही आली नाही. विटांचा ढीग झाल्यावर सरूबाई पुन्हा बरणीपाशी आली आणि म्हणाली, “फुकट नको. काय ते सांग, मी इकत घेते.”

“तुम्हाला नाही विकायची,” शुभा म्हणाली. “कुणालाही देईन. तुम्हाला नाही.”

आठवड्याभरात शेड रिकामी झाली. बोंबील स्वच्छ सुकू लागले, व्यापारीही परत आला. तरी सरूबाई घरात सगळ्यांवर खेकसत होती. एक दिवस टोपलीतली मासळी विकून झाल्यावर ती घरी न जाता, धाकूकडून पत्ता कळलेल्या अंधेरीच्या त्या हॉलमध्ये गेली.

आत भारी साड्या नेसलेल्या बायका वाडगे उलटे करून बुडाची सही बघत होत्या. “काय ग्लेझ आहे,” असं म्हणत वरचा काचेसारखा थर एकमेकींना दाखवत होत्या. बरणी मधल्या टेबलावर होती. दिव्याखाली ती आणखीच खोल दिसत होती. सरूबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, तशा शेजारच्या दोघी नाकाला पदर लावून सरकल्या.

शुभा आली. “कशाला आलात?”

“बघायला.”

“हात लावू नका.”

“भट्टीतून माल मीच काढलाय तुजा. तेव्हा नाय बोललीस.”

हॉलभर लोक होते, म्हणून असेल, शुभाने आवाज चढवला नाही. “झालं बघून?”

“नाय.”

शुभा परत गिऱ्हाइकांकडे गेली. सरूबाईने बरणी समोरून पाहिली, मग टेबलाला वळसा घालून मागून पाहिली. मन भरल्यावर ती निघाली. दाराशी तिची आणि शुभाची नजरानजर झाली. दोघींनीही मान फिरवली.

पोरीबद्दलचा तिचा राग होता तेवढाच होता. वेसाव्याला पोचेपर्यंत ती मनातल्या मनात तिला शिव्या देत होती.