आबांचा एकच प्रश्न

घर बघायला निघालेली माणसं काय विचारतात? पाणी रोज येतं का, शाळा किती लांब, मोबाइलला रेंज मिळते का. माझे सासरे शलमोन आबा मात्र घरमालकाच्या दारात चप्पल काढता काढता विचारायचे, "इथं मयत झाली तर काय करत्यात?"

मालकाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. माझा त्याहून.

सणसवाडीतली खोली सोडायची हे आमचं पक्कं झालं होतं. माझा नवरा जॉन्सन तिथल्याच एका कंपनीत सुपरवायझर. खिडकी उघडली की समोर ट्रकची रांग, आणि मोनालीचा, आमच्या लेकीचा, खोकला काही हटत नव्हता. पोरीने नदी पुस्तकातल्या चित्रातच बघितलेली. म्हणून मी हट्ट धरला, की चार झाडं दिसतील आणि चार माणसं ओळखीनं हसतील असं गाव शोधायचं. जॉन्सन रोज बाइकवर ये-जा करायला तयार झाला. अडून बसले ते आबा.

"तुम्ही जावा कुठं जायचं तिथं," ते म्हणाले. "मी शिरूरला खोली घिऊन ऱ्हातो. चर्च जवळ हाय, आन् कृपाबी तिथंच हाय."

कृपाबाई म्हणजे माझी सासू. ती शिरूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहे. आता हा माणूस एकटा राहणार! गुडघे धरलेत, रात्री उठताना हात द्यावा लागतो, डॉक्टरांनी सांगूनही चहात चोरून साखर घालतो. आणि खरं सांगू, ते मला घरात हवे होते. दिवसभर मनसोक्त भांडायला दुसरं आहेच कोण मला?

शेवटी आबांनी एक अट घातली. गाव ते स्वतः बघणार, मनाला पटलं तर आमच्याबरोबर येणार, नाहीतर शिरूर. आणि बघणं म्हणजे काय, तर तो एक प्रश्न.

कासुर्डीचं घर झकास होतं. पुढं अंगण, मागं आंबा, मालक आनंदराव हसतमुख. आबांचा प्रश्न ऐकून ते क्षणभर गडबडले, पण लगेच सावरले.

"त्याची काय बी काळजी करू नका, आबा. आता गाडी मिळती. एक फोन टाकला की दारात. तुम्हाला हातबी लावायला नको, समदं तेच करत्यात."

आबा उठले. "चला," म्हणाले.

परतताना गाडीत माझा पारा चढला होता. "यापेक्षा चांगलं उत्तर काय असणार, आबा? तुम्हाला पाहिजे तरी काय?"

"मला तरी कुठं म्हाईत हाय?" आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "आल्यावर कळंल."

झालं! त्या दिवसापासून हे माझ्या डोक्यात किड्यासारखं वळवळायला लागलं. असं कुठलं उत्तर आहे, जे आबांनाच ठाऊक नाही, पण ऐकल्यावर पटेल? मी मीठ-मिरची आणायला गेले की दुकानदारिणीला विचारायचे, नळावर बायकांना विचारायचे. एकीनं सांगितलं, आम्ही गावाकडं नेतो. दुसरी म्हणाली, तिन्हीसांजेचं असलं बोलू नये. ही उत्तरं मी मनातल्या मनात आबांसमोर ठेवून बघायचे आणि दर वेळी ते "चला" म्हणायचे.

वडगाव रासाईला निघालो तेव्हा मात्र मी त्यांच्याकडून शब्द घेतला. "आज मयत हा शब्द तोंडातून निघाला, तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

"बरं," म्हणाले. इतकं गरीब होऊन म्हणाले की मलाच चुकल्यासारखं झालं.

दोन्ही बाजूंनी ऊस, मध्येच देवळाचा कळस, आणि मग एकदम भीमा. घर गावाच्या कडेला, थेट नदीकडं तोंड करून. मालक संपतराव शेतकरी. त्यांनी शेजारीच नवीन घर बांधलं होतं, म्हणून हे रिकामं. मोनाली काठावर जाऊन थबकली.

"हे सगळं पाणी कुठं जातं?"

"दौंडाकडं जातं, पुढं उजनीत," संपतराव म्हणाले. "त्यो पलीकडं दिसतोय ना, त्यो दौंड तालुका."

"आणि येतं कुठून? रात्री पण वाहतं?"

संपतराव हसत हसत एकेका प्रश्नाला उत्तर देत होते. शेजारून भज्यांचा वास सुटला होता, त्यांची बायको सुलक्षणा आमच्यासाठीच तळत होती. मी तर मनात पडदेही लावून टाकले. आबा तेवढे ओट्यावर बसले होते. दिलेला शब्द पाळत होते. एवढी मोठी नदी समोर, आणि त्यांनी एकदाही मान वर केली नाही. त्यांचं गप्प बसणं त्या प्रश्नापेक्षा वाईट होतं.

तेवढ्यात मळ्यातून संपतरावांची आई आली, सरूबाई. डोक्यावरचा गवताचा भारा टाकला आणि आबांच्या समोरच बसली. खेड्यात चौकशी अशीच असते, थेट मुळाशी.

"कुठलं तुम्ही, दादा?"

"शिरूरचं."

"आन् मालकीन न्हाई आल्या?"

"गेली. दोन वर्सं झाली."

"काय झालं व्हतं?"

"हार्ट. सणसवाडीला, खोलीवरच."

मी जॉन्सनकडं बघितलं. विषय आबांनी काढलेला नव्हता. आणि सरूबाई थांबायला तयार नव्हती.

"खोलीतनं खांदा कुनी दिला?"

आबा हळूच म्हणाले, "ह्यो जॉन्सन, मी. टेम्पोचा डायव्हर. आन् एक बिहारी माणूस, नाइट करून दूध घ्यायला निघाल्याला. पिशवी कट्ट्यावर ठिवली आन् आला. त्याचं नाव इचारायचं ऱ्हायलं. शिरूरला चर्चची माणसं आली हुती. पर घरातनं कृपा तशी निघाली. कुनाचा दोष न्हाई, समदी ड्युटीवर हुती."

"आन् माघारी आल्यावं? भाकरी कुनी आनली?"

आबांनी माझ्याकडं बघितलं.

आमच्या भागात ज्या घरात मयत झाली तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणतात, समोर बसून बळंच खायला लावतात. शिरूरला आमच्या ख्रिस्ती आळीतही हेच. सणसवाडीत आमच्या घरातल्या मयतीची कुणाला खबर नव्हती. मोनाली भुकेनं रडायला लागली, तेव्हा मी गॅस पेटवून मॅगी केली होती. आबांनीही तीच खाल्ली होती, खाली मान घालून.

"कुनी न्हाई," आबा म्हणाले.

सरूबाईनं शेजारच्या घराकडं तोंड करून हाक मारली. "सुलक्षणे, कढई उतरीव! तळनाचं न्हाई आज. पिठलं टाक. ह्यांची दुखवट्याची भेट ऱ्हायलीया."

"आई, पाव्हणी घर बघाया आल्याती," संपतराव ओशाळून म्हणाले.

"घर काय पळून चाललंय व्हय?"

मला राग आला. दोन वर्षांपूर्वीच्या मयतीची भेट आज, परक्याच्या ओट्यावर? पोरीच्या तोंडची भजी गेली ती वेगळीच. पण शेजारच्या शेवंताबाई फडक्यात भाकरी घेऊन आल्या, मागून आणखी दोघी, आणि सगळ्या आबांच्या भोवतीनं खाली बसल्या. कुणी घराचं भाडं काढलं नाही की आमची जात विचारली नाही. कृपाबाईचंच विचारत राहिल्या.

"कशा व्हत्या? रागीट व्हत्या का?"

"लई," आबा म्हणाले.

"आन् गानं-बिनं?"

"चर्चमधी गायची. तिचा सूर समद्यांच्या पुढं पळायचा. पाद्री थांबायचे, ही थांबायची न्हाई." आबा हसले, आणि हसता हसताच त्यांचा चेहरा विस्कटला. दोन वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. दफन झालं तेव्हाही नाही. माझाही बांध फुटला. सासूशी माझं कधी पटलं नव्हतं, तरी फुटला.

सरूबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि आबांच्या हातात दिला. "खावा. आमाला कळलं असतं तर तवाच आलो असतो."

मी दारोदार उत्तरं गोळा करत हिंडत होते. आबांना उत्तर नकोच होतं. त्यांना कुणीतरी विचारायला हवं होतं.

हात धुऊन आबा उठले. जॉन्सन धरायला धावला, त्याला त्यांनी बाजूला सारलं. ओट्याच्या कडेला येऊन पहिल्यांदा नदीकडं बघितलं, पार पलीकडच्या काठापर्यंत.

"संपतराव," ते म्हणाले, "पावसाळ्यात पानी कुठवर येतं?"

"त्या खालच्या बाभळीपतुर. तिच्या वर न्हाई आलं कवा."

आबांनी बाभळीकडं बघितलं, मग मागं वळून घराच्या खिडकीकडं.

"मंग माझी खाट हितं खिडकीपाशी टाका," ते म्हणाले.